कौलारू छपराची लाकडी कैची: पैसे देण्याआधी काय तपासाल?

कोकणात कौलारू घर बांधत असाल किंवा जुन्या घराचे छप्पर उतरवून नवे चढवत असाल, तर खर्चाचा अंदाज घराच्या क्षेत्रफळावरून काढू नका. घर ३० बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. वळचणीसाठी चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढले आणि पाखीला ३० अंशांचा उतार दिला, की छप्पर भरते ९४२ चौरस फूट. मजुरी आणि कौले या दोन्हींचा हिशेब याच आकड्यावर होतो. दर ठरवतानाच विचारा: चौरस फूट जमिनीवरचा की पाखीवरचा?

सुताराकडे जाण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कैचीचा नकाशा करून घ्या. ही फी वाचवू नका. मंगलोरी कौले आणि रिपा मिळून चौरस मीटरला साधारण ६५ किलो वजन पडते. वरच्या छपरावर ते साडेपाच टनांहून जास्त होते, आणि पावसात कौल भिजले की आणखी वाढते. नकाशात पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: लाकडाची जात, प्रत्येक तुकड्याचे रंधा मारल्यावरचे माप, दोन कैच्यांमधले अंतर, प्रत्येक सांध्यावरचे बोल्ट आणि पट्ट्या, आणि कैची भिंतीला कशी जखडायची. पाचवी गोष्ट हमखास गाळली जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ धडकले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उडाली. वारा छपराला वर उचलतो. नुसते वजन त्याला धरून ठेवत नाही. भिंतीच्या वरच्या काँक्रीट पट्ट्यात अँकर बोल्ट आधीच बसवून घ्या, नंतर ठोकलेले खिळे त्या कामाचे नाहीत. फीमध्ये इंजिनिअरच्या दोन भेटी धरलेल्या आहेत का, तेही विचारा: पहिली कैची जमिनीवर जुळली की एक, सगळ्या चढल्या की दुसरी.

आता लाकूड. सर्वात जास्त पैसे जातात ते इथे, आणि जातात मापात. चिरलेल्या लाकडाचे सूत्र सोपे आहे: लांबी फुटांत, गुणिले रुंदी इंचांत, गुणिले जाडी इंचांत, भागिले १४४. बारा फुटी, ६ बाय ३ इंची तुकडा म्हणजे दीड घनफूट. पण वखारीत ‘सहा बाय तीन’ म्हणून दिलेला तुकडा रंधा मारल्यावर साडेपाच बाय अडीच भरला, तर हातात येते १.१५ घनफूट. जवळजवळ पाव भाग गेला. समजा दर घनफुटाला ३,००० रुपये आहे, तर एका तुकड्यामागे हजाराहून जास्त रुपये. वखारवाला चिरलेल्या मापाचे पैसे घेतो, त्यात गैर काही नाही. पण इंजिनिअरने साडेपाच बाय अडीच लिहिले असेल तर त्याहून मोठे चिरलेले माप मागवावे लागते. मेजरिंग टेप सोबत न्या. मध्ये आणि दोन्ही टोकांना मोजा.

गोल ओंडका घेत असाल तर हिशेब वेगळा. घेराचा चौथा भाग इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. घेर ४८ इंच, लांबी १० फूट: १० घनफूट. चिरल्यावर मात्र दहा घनफूट उपयोगी लाकूड मिळत नाही. साल, भुसा आणि कडेचा पांढरा भाग वजा होतो. चिराई कोणाची, उरलेली फळकुटे कोणाची, हमाली आणि टेम्पो कोणाचा, जीएसटी धरून की वगळून, हे सगळे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी ‘सगळे धरून’ म्हणजे काहीच धरलेले नसते.

साग परवडत नसेल तर ऐन किंवा किंजळ चालते. आंबा कैचीसाठी नको, कीड लवकर लागते. साग घेताना पांढरा भाग बघा: तो तेल किंवा पॉलिश लावून झाकतात, आणि वाळवी सुरू होते ती तिथूनच. म्हणून लाकूड आधी बघा, पॉलिश नंतर. तुळईच्या खालच्या कडेला गाठ असेल तर तो तुकडा बदलून घ्या, कारण ताण तिथेच येतो. ओलावा मोजायचे छोटे मीटर हजार-दोन हजारांत मिळते. २० टक्क्यांच्या वर दाखवले तर लाकूड परत. ओल्या लाकडाची कैची चढवली की सुकताना सांधे सैल होतात आणि आढे वाकते. तीन इंची लाकूड सावलीत वाळायला कित्येक महिने लागतात. भट्टीत वाळवलेले हवे असेल तर तो खर्च वेगळा विचारा. वाळवीरोधक औषध ब्रशने लावलेले आणि दाब देऊन मुरवलेले यांत फार फरक आहे, दरातही. बिलावर कोणते ते लिहिलेले हवे.

स्वतःच्या आवारातला साग तोडणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी. सातबारा, जागेचा नकाशा आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. तोडलेले लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. ‘पासाचे आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका; गाडी अडली की लाकूड तुमचे जाते. वखारीतून घेतलेत तर पक्के बिल आणि पासाचा क्रमांक मागा.

सुताराशी एक अट पक्की करा: पहिली कैची पूर्ण करून जमिनीवर मांडायची, इंजिनिअरने बघायची, मगच बाकीच्यांचे लाकूड कापायचे. सांध्यात कागद सरकता कामा नये. बोल्टचे भोक टोकापासून बोल्टच्या जाडीच्या किमान सातपट आत हवे, नाहीतर लाकूड फाटते. वॉशर दोन्ही बाजूंना, बोल्ट गॅल्व्हनाइज्ड. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. तुळईला जोड द्यावाच लागला तर नकाशात दाखवलेल्या जागीच, सुताराच्या सोयीने नव्हे.

आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका. दिवाळीनंतर लगेच लाकूड ठरवा म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात कौले चढतील. शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचा, आणि तेव्हा सुताराने येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळून द्यायचे. ही फेरी दरात धरलेली आहे, असे कोटेशनवरच लिहून घ्या. नाहीतर ऑक्टोबरात तिची मजुरी वेगळी मागतात.