थांबलेल्या माणसाची पावलं

प्रोजेक्टसाठी पळताना कडावच्या बाल दिगंबर गणेश मंदिरापाशी दम घ्यायला थांबलो. घड्याळ थरथरलं. रूमवर डेटा उतरवला तर त्या दोन सेकंदांत मी पळतोय! उभा होतो की राव!

समजा, घड्याळातली मोटार सेकंदाला १७८ वेळा थरथरते आणि त्वरणमापक सेकंदाला २५च नोंदी घेतो. २५ची सातपट १७५, उरले ३. नोंदीत सेकंदाला ३ हेलकावे, म्हणजे मिनिटाला १८०. पळणाऱ्याची पावलंही साधारण इतकीच! सिग्नल्सच्या पेपरला घोकलेलं 'एलियासिंग' ते हेच. नोंदीच्या आधी फिल्टर नसेल, तर नंतर खरं-खोटं वेगळं काढता येत नाही. थरथर बंद करून सगळे रीडिंग पुन्हा घेतोय. सबमिशन सोमवारी आहे.