बडादेवाची पूजा आणि आपली श्रद्धा



आपल्या वरूडच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. पलीकडे बैतूल जिल्हा, पश्चिमेला मेळघाट. संत्र्याची तोड सुरू झाली की डोंगरातली माणसे कामाला खाली येतात. आपल्या बगिच्यांत राबतात, आपल्या ओसरीवर बसून चहा घेतात. त्यांच्याविषयी आपल्यात एक वाक्य सहज बोलले जाते : "ते झाडाला अन् दगडाला पुजतात, त्यांना देव काय कळणार?" आपल्यापैकी काही कुटुंबांचे पूर्वजही अशाच झाडाखाली हात जोडत होते. मग हे वाक्य आपण कोणाविषयी बोलतो?

या रविवारी आम्ही गोंड बांधवांच्या थोर देवाविषयी, म्हणजे बडादेवाविषयी, लिहीत आहोत. त्याची पूजा कशी होते हे आधी समजून घेऊ. मग ख्रिस्ती माणसाने तिच्याकडे कसे पाहावे, याचा विचार करू. समजून न घेता केलेला विचार हा विचार नसतो, तो पूर्वग्रह असतो.

बडादेव कोण?

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे गोंड आणि कोरकू यांना एकाच मापाने मोजतात, ते बरोबर नाही. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली आहे, तर गोंडी द्राविड कुळातली, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. दोघांचे देव आणि रीती वेगळ्या आहेत. येथे विषय गोंडांचा आहे. ते स्वतःला 'कोइतूर' म्हणवतात.

गोंडीत देवाला 'पेन' म्हणतात. सर्वांत थोर देव तो परसापेन किंवा फडापेन. हिंदी मुलखाच्या शेजारामुळे त्यालाच बडादेव किंवा बुढादेव म्हणू लागले. त्याचे वास्तव्य साजाच्या झाडात मानतात. साजा म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, टणक लाकूड. पूर्व विदर्भात याच झाडाच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसतात. गोंडांसाठी मात्र ऐन हा निव्वळ लाकडाचा सोट नाही, देवाचे ठिकाण आहे.

देवावरून नातेही ठरते. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत वाटलेली आहेत. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे 'तुझे देव किती?' या प्रश्नात 'तू माझा कोण?' हा प्रश्न दडलेला आहे. देव आणि भाऊबंदकी त्यांच्या मनात वेगळी नाहीत.

पूजेची रीत

सर्वत्र रीत अगदी सारखी नाही, पण मुख्य गोष्टी बऱ्याच ठिकाणी आढळतात. बडादेवाला परंपरेने मोठे देऊळ नसते. गावाबाहेर, झाडाखाली त्याचे ठाणे असते. मूर्तीऐवजी खुणा असतात : भाल्याचे लोखंडी पाते, घंटा, चवरी. त्या कुळाच्या पुजाऱ्याच्या राखणीत असतात. एरवी झाकून ठेवलेल्या, पूजेच्या वेळी बाहेर काढायच्या. सारे कूळ जमते. कोंबडे-बकरे कापतात, मोहाची दारू वाहतात, धान्य शिजवतात आणि देवासमोर एकत्र जेवतात.

या पूजेतल्या तीन गोष्टींकडे आम्ही तुमचे लक्ष वेधतो.

पहिली, नव्या पिकाची. शेतात नवे धान्य आले की आधी देवाला आणि पूर्वजांना, मग घरच्यांना. त्याआधी नवे अन्न तोंडात घालायचे नाही. घरात चणचण असली तरी हा क्रम पाळायचा.

दुसरी, स्मरणाची. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरीसारखे तंतुवाद्य वाजवून ते देवाची आणि कुळाची कथा गातात. एक कथा अशी : सात भावांतल्या धाकट्याने साजाच्या झाडाखाली वाद्य वाजवले आणि रुसलेला देव प्रसन्न झाला. परधान त्या धाकट्याचे वंशज. पुस्तक नव्हते, शाळा नव्हती, तरी कुळाचा इतिहास गाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्यातली लिंगोची मोठी कथा कागदावर उतरवली ती स्कॉटलंडहून नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने, एका परधानाच्या तोंडून ऐकून. हिस्लॉप 1863 साली वारले आणि त्यांचे लेख 1866 मध्ये प्रसिद्ध झाले. लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवले, असे ती कथा सांगते. गोंदिया जिल्ह्यातले कचारगड हेच ते ठिकाण मानून माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड बांधव जमतात.

तिसरी, मृतांची. माणूस मेला की तो संपला, असे गोंड मानत नाहीत. विधी करून त्याला कुळाच्या देवाजवळ पोचवतात. पूजेला बसलेले जिवंत आणि आधी गेलेले, दोघे मिळून एक कूळ.

उत्तरेकडचा ओडिन

झाडातला थोर देव आणि त्याचा भाला, हे फक्त सातपुड्यात घडले असे नाही. युरोपच्या अगदी उत्तरेला, आजच्या स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये, हजार वर्षांपूर्वी ओडिन हा प्रमुख देव होता. त्याचे शस्त्र भाला. ज्ञान मिळवण्यासाठी तो स्वतः भाल्याने विद्ध होऊन नऊ रात्री एका झाडाला लटकला, अशी कथा होती. इंग्रजीतला बुधवार आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

अकराव्या शतकात ब्रेमेनचा आदाम या धर्मगुरूने स्वीडनमधल्या उप्साला येथील पूजेचे वर्णन लिहिले. तो स्वतः तेथे गेला नव्हता, इतरांकडून ऐकून त्याने लिहिले. दर नऊ वर्षांनी मोठा उत्सव होई, प्रत्येक जातीच्या नऊ नरांचे बळी दिले जात आणि त्यांची शरीरे देवराईतल्या झाडांना टांगली जात. त्यांत माणसेही असत, असे तो सांगतो. युद्ध आले की ओडिनला, रोगराई-दुष्काळ आला की थॉरला आणि लग्नकार्यात फ्रेला बळी देत.

हे सांगण्याचा हेतू असा, की आज ज्यांना आपण 'ख्रिस्ती देश' म्हणतो त्यांचे पूर्वजही झाडाखालीच उभे होते. श्रद्धा कोणत्याही लोकांना जन्मजात मिळालेली नाही. ती कृपेने मिळाली, कोणाला आधी, कोणाला नंतर. म्हणून सातपुड्यातल्या माणसाकडे वरून पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही, आपल्याला तर नाहीच.

कुऱ्हाड की संवाद?

अशा पूजेसमोर ख्रिस्तसभेने काय केले? दोन उदाहरणे पाहू.

जर्मनीत गाइस्मार येथे मेघगर्जनेच्या देवाला वाहिलेला एक ओक वृक्ष होता. संत बोनिफास यांनी 723 च्या सुमारास तो तोडला आणि त्याच्या लाकडातून संत पेत्राच्या नावे प्रार्थनामंदिर बांधले. लोकांनी पाहिले, की झाड पडले आणि देव कोपला नाही.

त्याआधी, 601 साली, पोप थोर ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलितस या मठाधिपतींना वेगळा सल्ला दिला होता. मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका. ती शुद्ध करून खऱ्या देवाच्या उपासनेस लावा. बळीच्या दिवशी लोक बैल कापून जेवतात, तर तो मेळाच बंद करू नका. ख्रिस्तमंदिराभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांना जेवू द्या, मात्र आभार सर्व दान देणाऱ्या परमेश्वराचे मानू द्या. उंच चढणारा माणूस उड्या मारत नाही, पायरीपायरीने चढतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आजची ख्रिस्तसभा कोणत्या वाटेने जाते, याविषयी शंका नसावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र काढले. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच ठिकाणी, मार्ग, सत्य व जीवन असलेल्या ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचायची आहेत. पहिले सोडले तर तिरस्कार उरतो आणि दुसरे सोडले तर 'सगळे सारखेच' ही सोयीची बेपर्वाई उरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी हीच गोष्ट तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. देव आहे हे माणसाच्या बुद्धीला सृष्टीवरून कळू शकते. पण नुसत्या बुद्धीने ते थोड्यांनाच कळते, फार काळाने कळते आणि त्यात चुका मिसळतात. म्हणून देवाने स्वतः बोलणे आवश्यक होते. गोंड शेतकरी नवे धान्य देवापुढे ठेवतो तेव्हा एक खरी गोष्ट त्याला कळलेली असते : हे पीक केवळ माझ्या हाताचे नाही. लुस्त्र गावी संत पौल आणि बर्णबा यांनी लोकांना हेच सांगितले, की देवाने कोणालाही साक्षीवाचून ठेवले नाही. पाऊस आणि पिकाचे हंगाम ही त्याचीच साक्ष (प्रेषितांची कृत्ये 14). अथेनै नगरीत संत पौलाने वेदी फोडली नाही. अज्ञात देवाच्या वेदीपासून त्याने बोलायला सुरुवात केली (17).

मग फरक कोठे आहे? बळीत आहे. बडादेवाला आणि ओडिनला माणूस बळी देतो, देव तो घेतो. शुभवर्तमानात देव स्वतःला देतो. ओडिन झाडाला लटकला तो स्वतःसाठी ज्ञान मिळवायला. प्रभू येशू क्रुसाच्या लाकडाला खिळला गेला तो आपल्यासाठी. भाला त्याच्याही कुशीत गेला, पण त्या जखमेतून रक्त व पाणी आपल्याकरिता वाहिले. हा बळी एकदाच आणि सर्वांसाठी झाला, असे इब्री लोकांस पत्र शिकवते. मिस्सात आपण नवा बळी देत नाही, त्याच एका बळीत सहभागी होतो. आणि तो एका कुळाचा देव नाही. तेथे चार देवे, सात देवे, कुणबी, माळी, बौद्ध, गोंड असा हिशेब उरत नाही. सारे भाऊबंद.

व्यवहारात काय करावे?

प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. शेजारी किंवा मजूर पूजेनंतर जेवायला बोलावतो. जावे का? करिंथकरांस पहिल्या पत्राचे अध्याय 8 ते 10 यासाठीच आहेत. शेजाऱ्याच्या पंगतीला बसून समोर आले ते खाण्यास संत पौल हरकत घेत नाही. मात्र आपल्या खाण्याने एखाद्या दुर्बल भावाची श्रद्धा डळमळत असेल तर प्रेमाखातर थांबावे, आणि बळीच्या वेदीत भागीदार होऊ नये. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जावे, सुखदुःखात बसावे, पूजेच्या वेळी शांतपणे आदर राखावा, पण स्वतः बळी वा नैवेद्य अर्पण करू नये. बोलावणाऱ्यालाही हे सरळ, गोड शब्दांत सांगता येते. आपल्या देवाशी प्रामाणिक असणारा माणूस दुसऱ्या देवाशी प्रामाणिक असलेल्याला ओळखतो.

ज्यांचे आजोबा-पणजोबा ऐनाच्या झाडाखाली बसत होते, त्यांनी त्यांची लाज बाळगू नये. जेवढे त्यांना कळले तेवढ्याशी ते एकनिष्ठ होते. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो तेव्हा त्यांचीही नावे घ्यावीत. देवाच्या दयेला आपण कुंपण घालू नये.

आणि शेवटी एक गोष्ट आपल्यालाच विचारायची. अनुवादाच्या 26 व्या अध्यायात इस्राएली माणूस प्रथमफळांची टोपली घेऊन वेदीपुढे येतो आणि आपल्या पूर्वजांची कथा सांगतो : भटका बाप, मिसरातली गुलामी, देवाने केलेली सुटका. प्रथमफळ आणि पूर्वजांची कथा, दोन्ही एकत्र. गोंडांच्या पूजेत या दोन्ही गोष्टी आजही शाबूत आहेत. आपल्यात आहेत का? आंबिया बहार विकला जातो, कर्ज फिटते, गाडी येते, लग्न होते. उरले तर दानपेटीत. पहिली टोपली देवाची, ही सवय आपण कधी सोडली? आणि आपल्या घरी श्रद्धा कशी आली, कोणी आणली, हे आपल्या मुलांना कोण सांगतो? आपल्याकडे शास्त्र आहे, मिस्सा आहे, संस्कार आहेत. ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो.

कुटुंबात आणि लहान ख्रिस्ती समुदायात चर्चेसाठी

1. आपल्या बगिच्यात काम करणाऱ्या डोंगरातल्या माणसांविषयी आपण घरात कोणत्या शब्दांत बोलतो? मुले काय ऐकतात?
2. या वर्षीच्या पिकातून किंवा पगारातून पहिला वाटा देवाला आणि गरिबाला कसा देता येईल?
3. आपल्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा कशी आली? वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

प्रार्थना करू या : हे पित्या, पाऊस आणि पीक देऊन तू सर्व लोकांना आपली साक्ष दिलीस आणि तुझ्या पुत्रात स्वतःला दिलेस. जे तुला दुरून शोधतात त्यांना जवळ घे, आणि जवळ असूनही विसरलेल्या आम्हांला जागे कर. आमेन.