माझं तर चालतंय!

परवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार आया भेटल्या आणि तिळगूळ हातावर पडायच्या आधीच विषय निघाला मुलांच्या नेटचा. "गेम खेळताना बरं चालतं मेलं, क्लास लागला की अडकतं," एक म्हणाली. बाकीच्या हसल्या. मीही हसले. परत येताना रिक्षात मात्र आठवलं, अगदी हेच वाक्य मी माझ्या लेकाला वर्षभर ऐकवत होते. म्हणून हे तुमच्याशी बोलतेय. आया म्हणाले तरी बाबांनीही ऐका, कारण आमच्याकडे तेही माझ्याच बाजूनं होते.

आमचं घर ब्राह्मणपाऱ्यात. पारा म्हणजे इकडच्या छत्तीसगढी बोलीत वस्ती. बूढापारा, तात्यापारा, कंकालीपारा, तसाच हा. घरं एकमेकांना खेटून, गल्ली अरुंद. घर सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं, विटाचुन्याचं, आतल्या भिंती हातभर जाड. पुढे बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे लेकाची खोली. मी बैठकीत बसून संध्याकाळी गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. राउटरही बैठकीतच. लेक मागून ओरडायचा, "आई, नेट चालत नाहीये!" आणि मी जागची न हलता उत्तर द्यायचे, "माझं तर चालतंय!"

शाळा बंद पडल्या तेव्हा, 2020 च्या एप्रिलमध्ये, छत्तीसगढ सरकारनं 'पढ़ई तुंहर दुआर' नावाचं पोर्टल काढलं. अर्थ, शिक्षण तुमच्या दारी. दारापर्यंत आलं हो ते. दारापासून मागच्या खोलीपर्यंत कसं न्यायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं होतं. आणि बघितलं कुणी? आम्ही तर नाही.

अकरावीच्या चाचणीत लेकाचे मार्क घसरले तेव्हा मोठं भांडण झालं. मी त्याला खोटारडा म्हटलं. तो रडला नाही, चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "उद्या तू माझ्या खोलीतून क्लास घे." मी घेतला. त्याचाच लॅपटॉप, त्याचंच टेबल. लघुगणकाचं पहिलं उदाहरण निम्म्यावर आलं आणि मुलं ओरडायला लागली, "मॅम, आवाज नहीं आ रही." पडद्यावर माझाच चेहरा तोंड उघडं ठेवून थिजलेला. दारात लेक उभा होता. हसला नाही, हे त्याचे उपकार.

त्या रविवारी आम्ही दोघं कामाला लागलो. पहिलं ठरवलं ते असं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहायचा. घाईत चार गोष्टी एकदम केल्या तर नेट सुधारतं, पण कशामुळे ते कळत नाही. पुन्हा बिघडलं की पुन्हा कपाळाला हात.

दोष बाहेरच्या लाइनीचा की घरातल्या हवेचा, हे आधी वेगळं काढायचं होतं. त्यासाठी माझा लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडला. आमचा प्लॅन 40 एमबीपीएसचा. तारेवर 38 आले, म्हणजे गल्लीतून घरात येणारं पाणी पुरेसं होतं. तोच लॅपटॉप, तार काढून, मागच्या खोलीत: 3. कंपनीला फोन करून करून मी जे तोंड दुखवून घेतलं होतं, ते सगळं फुकट. तुमच्याकडे तारेवरही आकडा कमी आला, तर मात्र खुशाल फोन करा. त्याआधी महिन्याचा डेटा संपलाय का तेवढं बघा. बऱ्याच प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की वेग आपोआप उतरतो.

इथे एक गंमत सांगते. लेक एकदा फाइल उतरवताना म्हणाला, "बघ, पाचच येतोय!" तो पाच मेगाबाइट होता आणि प्लॅन असतो मेगाबिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे 40 चे 5 होतात. त्या दिवशी नेट अगदी ठणठणीत होतं आणि आम्ही दोघं उगाच तणतणत होतो.

आता राउटर. केबलवाला खिडकीतून तार घेऊन आला होता आणि तिथेच, कूलर आणि लोखंडी कपाट यांच्या बेचक्यात, राउटर ठेवून गेला होता. इथला दुसरा पारा, थर्मामीटरमधला, मे महिन्यात 45 अंशांच्या घरात जातो. त्यामुळे पत्र्याचा कूलर आमच्या खिडकीत बारा महिने मुक्कामाला. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला लोखंड, आणि वर मी क्रोशाचा रुमाल घातलेला. रुमालानं सिग्नल अडत नाही, पण राउटर तापतो. पत्रा मात्र लहरी परतवतो. राउटर कपाटाच्या डोक्यावर, दरवाजाकडे तोंड करून ठेवला, तर मागच्या खोलीत 3 चे 9 झाले. खर्च शून्य.

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो हे मला ठाऊकच नव्हतं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण हळू. 5 गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंत आली की दम तोडते. 2.4 वर गर्दीही फार. लेकानं लॅपटॉपवर आसपासच्या वायफायची यादी उघडली, तर तेवीस नावं! गल्लीतले सगळे शेजारी तिथे ओळीनं हजर होते, कुणी मुलीच्या नावानं, कुणी देवाच्या. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा जेमतेम तीन, चॅनल 1, 6 आणि 11. एकाच चॅनलवरचे राउटर निदान आळीपाळीनं बोलतात. मधल्याच 3 किंवा 8 वर बसलेला राउटर दोन्हीकडच्यांच्या बोलण्यात नुसता कालवा करतो. गणपतीत दोन मंडळांचे भोंगे समोरासमोर लागले की कुठलीच आरती कळत नाही, तसं. आमचा होता 9 वर. तो 1 वर नेला, कारण तिथे नावं कमी होती. रात्री आठला अडकतं आणि पहाटे सहाला सुसाट चालतं, असं तुमच्याकडे होत असेल, तर हा शेजार तपासा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुणगुणतो. आमच्याकडे तो नेमका वाटेत.

लेकाच्या लॅपटॉपचाही थोडा दोष निघाला. चार्जर काढला की तो बॅटरी वाचवायला वायफायचा जोर कमी करायचा. ते सेटिंग बदललं. मागे गुपचूप अपडेट उतरत होते, ते रात्रीवर टाकले.

आणि मग सापडलं ते मला आवडलं नाही. माझ्या तासांचे व्हिडिओ. शिकवणी संपली की मी रेकॉर्डिंग वर चढवायला लावते आणि वरण फोडणीला टाकते. नेमका तेव्हाच लेकाचा लाइव्ह क्लास सुरू व्हायचा. जाणारी वाट माझ्या व्हिडिओनं तुंबली की त्याचं बोलणं आणि त्याच्या लॅपटॉपचं "हो, मिळालं, पुढचं पाठव" हेसुद्धा रांगेत उभं. वेग मोजणारं ॲप बघितलं तर आकडा चांगला दिसायचा, कारण तोवर माझं अपलोड संपलेलं असायचं.

राहिला त्या हळदीकुंकवातल्या बाईंचा प्रश्न, गेम चालतो मग क्लास का नाही. गेमला डेटा फार थोडा लागतो. कोण कुठे सरकला एवढीच खबर जाते-येते. क्लासमध्ये अख्खं चित्र वाहून आणायचं असतं. म्हणून बारीक नेटवर गेम धावतो आणि सरांचा चेहरा चौकोनी होतो. उलटंही घडतं. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, म्हणून तो छान चालतो, पण लाइव्ह क्लास आणि गेम दोन्ही अडखळतात. मुलं थापा मारत नाहीत असं मी म्हणणार नाही. माझा लेकही दोनदा "नेट गेलं" सांगून क्रिकेटला पळालाय. पण थाप कुठली आणि अडचण कुठली हे बैठकीत बसून कळत नाही, त्याच्या खुर्चीत बसूनच कळतं.

शेवटी आम्ही काय केलं? जुनाट, न शोभणारी गोष्ट. त्याआधी एकदा सिग्नल वाढवणारा डबा आणून लेकाच्या खोलीत लावला होता. तो मुळात लुळा सिग्नलच पुढे ढकलत होता. ठेवायचा तर अर्ध्या वाटेवर, माजघरात. पण आता त्याचाही कंटाळा आला होता. जयस्तंभ चौकातल्या रविभवन बाजारातून वीस मीटर लॅन केबल आणली आणि चौकटींच्या कडेनं खिळे मारत मागच्या खोलीत नेली. लेकाच्या लॅपटॉपला केबलचं भोकच नव्हतं, म्हणून एक छोटा यूएसबी जोड घेतला. आता तिथे 37 येतात, रात्री आठलासुद्धा. सासूबाईंना ती तार आवडलेली नाही. माजघरात आल्या की त्या ती काठीनं भिंतीकडे सरकवतात आणि "साप वाटतो गं," म्हणतात.

काल संध्याकाळी शिकवणी संपवून मी कुकर लावत होते. मागून हाक आली, "आई, तुझं अपलोड चालू आहे का?"

"नाही रे," मी म्हटलं, आणि हात पुसत बैठकीत जाऊन बघितलं. चालू होतं.