मापातलं पाप

प्रश्न : मी वसईची, जन्माने कॅथलिक. आमच्या नात्यातले एक काका दर रविवारी न चुकता मिस्साला असतात, अधूनमधून कन्फेशनलाही जातात. पण दुकानात मापात मारायची सवय काही सुटत नाही. माझी कॉलेजातली लेक म्हणते, ‘‘सुटेल कशी? पाप केलं की धुऊन मिळतंय ना!’’ धर्म माणसाला अडवतो, की मुभा देतो?

उत्तर : लेकीचा टोमणा झोंबरा आहे, पण कन्फेशनचा नियम तिला वाटतो तितका सैल नाही. नुसतं सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि कुणाचं लुबाडलं असेल तर ते परत करायला हवं. माझी शंका वेगळीच आहे. काका फादरांना तराजूबद्दल सांगतात तरी का? बायकोवर ओरडलो, शुक्रवारी मटण खाल्लं, हे सांगत असतील. तराजू त्यांच्या लेखी पापात मोडतच नसेल. तो धंदा झाला.

हे काही काकांपुरतं नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं भजन लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारातला खलाशी होता. मार्च 1748 मध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडायला आलं, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि वाचला. त्या दिवसापासून शिवीगाळ बंद. आता तुम्हाला वाटेल, गुलामांचा धंदाही सुटला असेल. छे! उलट त्यानंतर तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. रविवारी खलाशांना जमवून प्रार्थना घ्यायचा. खाली तळघरात साखळदंड घातलेली माणसं खच्चून भरलेली.

त्याची जहाजावरची रोजनिशी उपलब्ध आहे. डिसेंबर 1752 मधली एक नोंद वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. गुलाम उठावाचा बेत करत होते, तो वेळीच उघडकीस आला म्हणून न्यूटन आधी देवाचे आभार मानतो. मग लिहितो, की काही पोरांना बेड्या घातल्या आणि सगळं कबूल करावं म्हणून त्यांचे अंगठे लोखंडी चापात थोडे आवळले. ‘थोडे’ हा शब्द त्याचाच. त्यात ढोंग नाही, हेच भयंकर आहे. माणूस खरोखर श्रद्धाळू होता, फक्त त्याच्या पापांच्या यादीत शिवी होती आणि चाप नव्हता.

यादी तरी कोण करतं? बहुतेक वेळा शेजारीपाजारी आणि बाजार. बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते. मालक कोण, तर धर्मप्रसारासाठी स्थापन झालेली इंग्लंडच्या चर्चची एक संस्था. तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ ही अक्षरं तापल्या लोखंडाने डागली जात. आणि याच अठराव्या शतकात, हेच बायबल वाचून, क्वेकर पंथाचे लोक म्हणत होते की माणूस विकत घेणं हेच पाप.

बरं, यादी बरोबर असूनही माणूस चुकतो. प्रिन्स्टनच्या पाद्री घडवणाऱ्या विद्यापीठात डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस विव्हळत, खोकत बसवलेला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10. गंमत म्हणजे निम्म्यांचा भाषणाचा विषय होता वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा, बायबलमधला दाखला! त्यानेही ठळक असा फरक पडला नाही.

तेव्हा ‘अडवतो की मुभा देतो’ याला माझं उत्तर असं : श्रद्धा टोचणी तीक्ष्ण करते, पण ती कुठे टोचेल याची हमी देत नाही. टोचली मात्र, तर तिचं बळ मोठं. न्यूटनने 1754 मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे, पश्चात्तापाने नव्हे. पुढे तो पाद्री झाला. 1785 मध्ये तरुण खासदार विल्बरफोर्स, जो पुढे संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला, राजकारण सोडावं का, हे विचारायला लपूनछपून त्याच्याकडे आला, तेव्हा न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. 1788 मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, आपणही त्यातले होतो याची लाज उघडपणे मांडली आणि पुढे सरकारी चौकशीत साक्षही दिली. 1807 च्या मार्चमध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला, डिसेंबरात न्यूटन वारला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षं गेली. काकांचं वय तुम्ही कळवलेलं नाही.