पोहण्याचा बारमाही पाठ

आपल्या खेड्यांतील मुले पोहावयास शिकतात ती बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत. पाठीला भोपळा बांधून थोरल्यांच्या देखरेखीखाली विहिरीत उतरण्याच्या या रीतीस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु मृगाचा पाऊस पडताच पाठ थांबतो, आणि धोका वाढतो तो नेमका तेव्हाच. विहिरी भरतात, ओढ्यांना लोंढे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता.

पावसाळ्यात मुलांस पाण्याजवळ नेऊ नये, हे खरे. पण शाळेच्या ओसरीवर पुष्कळ काही साधते. बाकावर पालथे निजवून हातपाय मारावयास लावावे. घमेल्यातील पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडण्याची सवय करावी. बुडणाऱ्या सोबत्यामागे उडी न घेता काठावरूनच दोर अथवा बांबू पुढे करण्याचा सराव तर पुनःपुन्हा घ्यावा. हिवाळ्यात भर दुपारी, पट्टीचा पोहणारा सोबत घेऊन, थोडाच वेळ पाण्यात उतरावे. मूल कुडकुडू लागताच त्यास बाहेर काढून अंग कोरडे करावे. बांगलादेशात मुलांना २५ मीटर पोहण्याबरोबर ३० सेकंद तरंगावयासही शिकवितात. आपणही अंतरापेक्षा तरंगण्याकडे अधिक लक्ष द्यावे.

मुलींना मात्र या पाठातून वगळू नये. धुणे घेऊन नदीकाठी जातात त्या त्याच.