आघात, कथन आणि श्रोता : मानसोपचारातील साक्षीचा विचार

आत्मकथन म्हणजे जखमेवरील उपचार, असे आपल्या समीक्षेत सहज म्हटले जाते. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, हे ठरविण्यासाठी प्रत्यक्ष मानसोपचारात कथनाचे कार्य कसे चालते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

१९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीत छळ सोसलेल्या राजकीय बंदिवानांवर उपचार करताना तेथील मानसशास्त्रज्ञांनी त्यांची निवेदने ध्वनिमुद्रित करून लेखबद्ध केली. ही पद्धती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत उपचार आणि साक्ष ही दोन प्रयोजने एकत्र आली. खाजगी वेदना अन्यायाचा पुरावाही ठरली. या परंपरेचा आधार घेऊन जर्मनीतील शाउअर, नॉयनर व एल्बर्ट यांनी युद्धपीडितांसाठी एक कथनाधिष्ठित पद्धती सिद्ध केली. युगांडातील सुदानी निर्वासितांमध्ये केलेला तिचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत जमिनीवर एक दोरी पसरतात. ती आयुष्याची रेषा. सुखाच्या प्रसंगासाठी तिच्यावर फूल ठेवावयाचे, आघातासाठी दगड. मग जन्मापासून क्रमाने निवेदन सुरू होते. आघाताच्या स्मृतीत दृश्य, गंध, छातीतील धडधड तीव्र असते; मात्र स्थळकाळाचा संदर्भ तुटलेला असतो. म्हणून घडून गेलेले पुन्हा घडत असल्यासारखे वाटते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, तेथे भूतकाळ वर्तमानकाळातच अडकलेला असतो. दगडापाशी आल्यावर उपचारक गती मंद करतो. तेव्हा काय दिसले, शरीराला काय जाणवले, मनात काय आले आणि आता येथे बसून काय वाटते, हे तो विचारतो. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशा रीतीने वेगळे होऊ लागतात. झालेले निवेदन उपचारक लिहून काढतो व पुढील बैठकीत वाचून दाखवितो. निवेदक त्यात दुरुस्ती करतो.

अर्थात, केवळ बोलणे पुरेसे नाही. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सुरक्षितता, स्मरण व शोक आणि समाजाशी पुनर्बंध असे बरे होण्याचे तीन टप्पे मांडले. सुरक्षिततेवाचून घडविलेले स्मरण जखम पुन्हा उघडी करू शकते.

अर्थाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाझी छावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थशोधालाच उपचाराचे केंद्र मानले. अर्थाची अशी भाषा अत्याचाराची भीषणता सौम्य करते, असा आक्षेप लॉरेन्स लँगर यांनी १९८२ मध्ये घेतला. या वादात एक भेद करणे आवश्यक वाटते. अर्थ अत्याचाराला नसतो. तो त्यानंतर जगावयाच्या आयुष्याला असू शकतो, आणि तोही पीडितानेच शोधावयाचा असतो. दगडाचे फूल होत नाही. त्याला दोरीवर त्याची जागा मिळते.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतात. ही रचना उपचारकक्षाची आठवण करून देते. परंतु साम्य येथेच संपते. तेथे श्रोता निवेदकाचेच दुसरे रूप आहे, आणि जखम करणारी समाजव्यवस्था अद्याप भूतकाळ झालेली नाही. अशा कथनाला उपचार म्हणून मोकळे होणे म्हणजे ऐकण्याची आपली जबाबदारी निवेदकावरच टाकणे होय.