टपरीवरच्या कथा पुस्तकात येतात तेव्हा

कथासंग्रह म्हटलं की बहुधा एका लेखकाचं, एका सुरातलं पुस्तक डोळ्यांसमोर येतं. पण रहस्य, प्रेम, विज्ञान, पुनर्जन्म असं सगळं एकाच पुस्तकात आलं, तर ते वाचायचं कसं?

यासाठी 'द ब्लाफ्ट अँथॉलॉजी ऑफ तमिळ पल्प फिक्शन' हा संग्रह पाहू. चेन्नईच्या 'ब्लाफ्ट' या छोट्या प्रकाशनसंस्थेने तो २००८ मध्ये काढला. दहा लोकप्रिय तमिळ लेखकांच्या सतरा कथा त्यात इंग्रजीत आल्या आहेत. निवड आणि अनुवाद प्रीतम चक्रवर्ती यांचा, संपादन राकेश खन्ना यांचं. मूळ कथा चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तकांतल्या. वाचून झाल्या की त्यांची जागा बहुतेक वेळा रद्दीत.

अशा संग्रहाला एकच फूटपट्टी लावून चालत नाही, कारण प्रत्येक प्रकार वाचकाला वेगळं वचन देतो. रहस्यकथा म्हणते, कोडं सुटेल आणि धागेदोरे तुझ्यासमोरच असतील. प्रेमकथेत दोघं एकत्र येणार हे बहुधा ठाऊकच असतं. अडसर कसा दूर होतो, याची उत्सुकता असते. विज्ञानकथा एखादी कल्पना गृहीत धरते आणि मग तिच्याशी प्रामाणिक राहते. म्हणून 'गुप्तहेर कधी बदलतच नाही' ही तक्रार इथे फारशी टिकत नाही. वाचकाला तो तसाच हवा असतो. पण याचा अर्थ सगळं माफ, असाही नाही. लेखकाने महत्त्वाचा धागा लपवून ठेवला आणि शेवटी खिशातून काढला, तर ती कथा स्वतःच्याच वचनाला चुकली.

या संग्रहात मूळ मुखपृष्ठांची चित्रं आणि काही लेखकांशी प्रश्नोत्तरंही आहेत. त्यामुळे कथा कशी विकली गेली, कशी लिहिली गेली, तेही कळतं.

आता आपल्याकडे वळू. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड घराघरात पोचले. नारायण धारपांच्या भयकथांनी अनेकांची झोप उडवली. आजी-आजोबांना विचारा, नावं लगेच सांगतील. अभ्यासक्रमात मात्र ही नावं क्वचितच दिसतात. महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी मराठी वाचनाची गोडी टिकवली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ती अशाच पुस्तकांनी लावली. ती जपली नाहीत, तर मराठी माणूस आवडीने काय वाचत होता, हे पुढच्यांना कळणार कसं?

मंडळाच्या सभासदांसाठी अभ्यास: घरातल्या किंवा ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांतून, दिवाळी अंकांतून तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कथा निवडा. पहिलं पान वाचून थांबा आणि कथेने कोणतं वचन दिलं, ते एका वाक्यात लिहा. मग पूर्ण वाचा. वचन पाळलं का? नसेल, तर नेमकं कुठे मोडलं? तिन्ही टिपणं एकत्र ठेवलीत, तर आपल्या स्वतःच्या संग्रहाची ती सुरुवात ठरेल.